विजेचाही उत्पादन खर्च मांडा!



जिल्हा मेळाव्याच्या विषयपत्रिकेवर यंदा एक विषय असा आहे की तो वाचून निम्मी मंडळी हसतील आणि उरलेली चिडतील. विषय आहे, धरणातले मासे, पाखरे आणि त्यांच्या जतनासाठी लागणारा पैसा. पहिला प्रश्न काय येणार तेही आम्हाला ठाऊक आहे. "कापसाचे भाव पडतात, ज्वारीला गिऱ्हाईक नाही, रोह्यांनी तूर आडवी केली, अन् तुम्ही माशा-पाखरांचं काय घेऊन बसलात?"

प्रश्न रास्त आहे. आम्हीही कोरडवाहूच आहोत. आमच्याही दारात पाट आलेला नाही. म्हणून उत्तर आधीच देऊन टाकतो. हा विषय माशांच्या दयेचा नाही, हिशेबाचा आहे. धरणातून जो घेतो, त्याने धरणाचा खरा खर्च भरला पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे. आणि खरा खर्च भरून घ्यायचा हा विषय तर आपल्या चळवळीने जन्मापासून हाती धरलेला आहे.

आपला जुना धडा

क्विंटलभर कापूस खर्चापेक्षा कमी भावाने विकला गेला, तर मधला फरक कुठे जातो? हवेत विरून जात नाही. तो कुणीतरी भरतो. घरधनीण गळ्यातले मणी मोडून भरते, पोरगा शाळा सोडून भरतो, सावकाराची वही भरते, आणि शेवटी जमीन आपला कस देऊन भरते. गिरणीला कापूस स्वस्त पडला म्हणजे तो स्वस्तात पिकला असे नाही. खर्च झालाच. फक्त तो दुसऱ्याच्या पदरात टाकला गेला.

पिकाचा खर्च काढताना साहेब मंडळी कशी लबाडी करतात ते आपण पाहिले आहे. घरच्या बाईने केलेल्या वेचणीची मजुरी धरायची नाही. जमिनीचा खंड धरायचा नाही. भांडवलावरचे व्याज धरायचे नाही. जे फुकट मिळाले असे वाटते, ते खर्चात नाही. मग खर्च कमी निघतो आणि "शेतकऱ्याला भाव भरपूर आहे" असे सिद्ध होते.

आता हाच कागद विजेसाठी मांडून बघा. धरणावरच्या विजेच्या युनिटमागे काय खर्च धरतात? सिमेंट, लोखंड, यंत्र, नोकरांचे पगार, कर्जाचे व्याज, दुरुस्ती. नदीचा खर्च शून्य. माशाचा खर्च शून्य. भोयाच्या जाळ्याचा खर्च शून्य. पाखरांच्या चराईचा खर्च शून्य. म्हणून पुस्तकात लिहिलेले असते की पाण्यावरची वीज सर्वांत स्वस्त. स्वस्त कशी नसेल? घरच्या बाईची मजुरी शून्य धरली तर कापूसही स्वस्तच निघतो!

सत्तावीस दरवाजे, एक वाट नाही

आपल्या दारातले धरण घेऊ. पैठणच्या जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये केली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचे उद्‌घाटन झाले. पोटात १०२ टीएमसी पाणी, त्यातले ७६ टीएमसी वापरायचे, बाकीचे मृतसाठ्याचे. पाण्याचा पसारा सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर. शंभराहून अधिक गावांची घरे-रानं त्यात गेली. डावा कालवा जालना-परभणीकडे गेला, उजवा बीडकडे. आपल्या बहुतेक माळांवर त्या पाण्याचा थेंब चढत नाही. पैठणला बारा मेगावॅटचे वीजघर आहे, आणि ते उलटसुलट चालणारे आहे. पाणी खाली सोडले की वीज होते. गरज नसेल तेव्हा खालच्या बंधाऱ्यातले तेच पाणी यंत्राने परत वर ओढता येते.

हे एकटे पैठणचे नाही. नाथसागराला पाणी देणारी प्रवरा बघा. तिच्या उगमापाशी घाटघरला २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे. तिथे वरच्या तळ्याचे पाणी कोकणच्या अंगाला सोडून वीज करतात आणि पुन्हा वर चढवतात. त्याखाली १९२६ सालचे भंडारदरा धरण, त्यावरही वीजघर. तीच प्रवरा पुढे प्रवरासंगमाला गोदावरीस मिळते आणि आपल्या नाथसागरात येते. म्हणजे उगमाला वीज आणि पैठणला वीज. मधली नदी कशी जगते ते विचारायला कुणी रिकामे नाही.

धरणाला सत्तावीस दरवाजे आहेत. सत्तावीसही पुराच्या पाण्यासाठी. माशासाठी एकही नाही. ज्यांनी लहानपणी पहिल्या पुरात ओढ्यावर चढणीचे मासे धरले असतील, त्यांना हे समजावून सांगायला नको. मृगाचे गढूळ पाणी आले की मासा प्रवाहाच्या उलट वर चढतो आणि उथळ पाण्यात अंडी घालतो. मध्ये दहा किलोमीटरची भिंत उभी राहिली की त्याचा रस्ता संपला. खाली उन्हाळ्यात नदी आटते, डोह कोरडे पडतात. वर पाणी साचून राहते आणि कधी चढते, कधी एकदम उतरते. काठाच्या चिखलात घातलेली अंडी, पाणी उतरले की उन्हात वाळून जातात.

मग मत्स्य खाते काय करते? कटला, रोहू, मृगळ यांचे बीज विकत आणून बोटुकली धरणात सोडायची. म्हणजे जो मासा नदी फुकट पिकवत होती, त्याचे बियाणे आता दरसाल विकत घ्यायचे. संकरित बियाण्याच्या पिशवीसाठी दुकानासमोर रांगेत उभे राहणाऱ्या कापूसवाल्याला ही गोष्ट ओळखीची वाटेल. त्यात आफ्रिकेतून आलेली चिलापी साचलेल्या पाण्यात अशी फोफावते, जसे आपल्या बांधावर गाजरगवत. उजनीच्या काठी विचारा, ते सांगतील. जाळ्यात वजन येते, पण नदीच्या जुन्या माशांची जागा जाते आणि भावही जातो.

नियम आले, पैसा आला नाही

पाखरांचे तसेच. १९८६ मध्ये नाथसागराचे ३४१ चौरस किलोमीटर क्षेत्र पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. हिवाळ्यात हिमालय ओलांडून पट्टकदंब येतात, चक्रवाक येतात, रोहित येतात, करकोचे उतरतात. चांगली गोष्ट आहे. २०१७ मध्ये अभयारण्याभोवती संवेदनशील क्षेत्राचीही अधिसूचना निघाली. म्हणजे काय करायचे नाही याची यादी काठच्या माणसाच्या हातात आली. पण ज्याने पाणी अडवून वीज नेली, पाणी नेले, त्याच्या हातात खर्चाचे बिल काही आले नाही.

जलाशय पाटबंधारे खात्याचा, मासे मत्स्य खात्याचे, पाखरे वन खात्याची, वीज वीज कंपनीची. आणि भांडण मात्र भोई आणि शेतकऱ्याचे!

गाळपेर बघा. पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या गाळावर हरभरा, गहू, ज्वारी पेरतात. ज्याची जमीन बुडाली त्याच्याच घरातला माणूस तिथे तिफण धरतो. तो फवारणी करतो, ते औषध पाण्यात उतरते, म्हणून पाखरांचे आणि माशांचे नुकसान होते. हे खरे आहे, आम्ही नाकारत नाही. पण त्याला "फवारू नकोस" सांगणारा कुणीही "न फवारल्याने तुझे जे पीक जाईल ते मी भरून देतो" असे म्हणत नाही. पाखरू वाचवायचा खर्च गाळपेरवाल्याच्या माथी. मासा वाचवायचा खर्च भोयाच्या माथी. आणि शहराचे सांडपाणी घेऊन येणारी खाम ह्याच नाथसागराला मिळते. तिचा खर्च कोणाच्या माथी, तर पुन्हा माशाच्याच.

याच जलाशयावर तरंगत्या सौरप्रकल्पाची योजना आली. कहार समाजाच्या पंचकमिटीने त्याविरुद्ध दाद मागितली. हरित लवादाने २०२४ मध्ये अर्ज फेटाळला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये अपील फेटाळले. आम्हाला न्यायालयाच्या निकालावर बोलायचे नाही. सूर्याची वीज वाईट असेही आम्ही म्हणणार नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. त्या पाण्यावर आधी एकाने वीज केली, उद्या दुसरा करील. दोघांच्या बिलात भोयाच्या जाळ्याची ओळ कुठे आहे?

परदेशात काय केले

कुणी म्हणेल, हे आदर्शवादी बोलणे झाले, असे कुठे होते का? होते. अमेरिकेच्या वायव्येला कोलंबिया नावाची मोठी नदी आहे. तिच्यावर आणि तिच्या उपनद्यांवर धरणांची माळ आहे. तिथला सामन मासा समुद्रातून शेकडो कोस नदी चढून डोंगरात अंडी घालायला जातो. धरणांपूर्वी दरसाल एक कोटी ते एक कोटी साठ लाख मासे नदी चढत असत असा तिथल्या परिषदेचा अंदाज आहे. १९८० च्या सुमारास ते पंचवीस लाखांवर आले.

१९८० मध्ये तिथे कायदा झाला. सरकारी धरणांची वीज विकणारी बॉनव्हिल नावाची संस्था आहे. कायद्याने सांगितले की माशांचे आणि वन्यजीवांचे जे नुकसान वीजनिर्मितीमुळे झाले, ते भरून काढायचा खर्च वीज विक्रीच्या पैशातून करायचा. चार राज्यांची एक परिषद बसवली. ती कार्यक्रम ठरवते आणि बॉनव्हिल पैसा देते. सरकारकडे दरसाल पदर पसरायचा नाही. मासा हा विजेच्या उत्पादन खर्चातला एक आकडा झाला, जसा सिमेंटचा तसा माशाचा.

त्या कायद्यातली आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. वीज वापरणाऱ्याने फक्त विजेमुळे झालेले नुकसान भरायचे. ओलितामुळे, जहाजांमुळे किंवा पूर अडवल्यामुळे झालेले नुकसान विजेच्या बिलात घुसडायचे नाही. ज्याचे त्याच्या खात्यावर. आपल्यालाही हिशेब असाच पाहिजे. कारखान्याचे पाप पाटावरच्या शेतकऱ्याच्या पाणीपट्टीत नको.

पण तिथे सारे साजरे झाले असे सांगितले तर आम्ही खोटे ठरू. अब्जावधी डॉलर खर्च झाले. २०२५ पर्यंत वर्षाला पन्नास लाख मासे नदीत चढावेत असे उद्दिष्ट होते, ते गाठता आले नाही. कारण पैसा दिला, पण नदीचे पाणी आणि रस्ता द्यायला वीजवाले काचकूच करत राहिले. अंडी उबवण्याचे कारखाने काढले, पण नदी होती तशीच अडवलेली राहिली. त्याच देशात क्लामथ नदीवरची चार वीजधरणे शेवटी २०२४ पर्यंत पाडून टाकली. धडा असा की पैसा लागतोच, पण नुसत्या पैशाने नदी वाहत नाही. तिच्या वाट्याचे पाणीही द्यावे लागते.

आपल्याकडेही दाखले आहेत

दूर जायला नको. टाटांच्या वीजधरणांवर लोणावळ्याला महाशीर माशाचे बीज तयार करून सोडण्याचे काम १९७० च्या दशकापासून चालत आले. चांगले काम. पण ते कंपनीच्या मनावर. ज्या मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांनी मावळ्यांना घेऊन सत्याग्रह केला, तिथल्या माणसाला या शतकभरात एक गोष्ट कळली असेल. दान वेगळे आणि देणे वेगळे. दान देणाऱ्याच्या मर्जीने येते आणि मर्जीने बंद होते. देणे वसूल करता येते. आम्हाला नदीसाठी दान नको, नदीचे देणे हवे.

केंद्राच्या २००८ च्या जलविद्युत धोरणात अशी तरतूद आहे की नव्या प्रकल्पाने राज्याला द्यायच्या बारा टक्के मोफत विजेखेरीज एक टक्का वीज स्थानिक विकास निधीसाठी द्यावी. हिमालयातल्या राज्यांनी ही मागणी लावून धरली. ती माणसांच्या विकासासाठी आहे, माशांसाठी नाही. पण तत्त्व सरकारने मान्य केले आहे. वीज जिथून नेली, तिथे तिचा वाटा ठेवून जायचा.

आणि महाराष्ट्राचा स्वतःचा दाखला तर सर्वांत मोठा. १९७२ चा दुष्काळ आपल्यातल्या जुन्या माणसांच्या हाडात आहे. त्या खडी फोडण्यातून वि. स. पागे यांच्या विचाराची रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, १९७९ पासून तो लागू झाला. तिच्यासाठी पैसा कुठून आला? शहरातल्या पगारदार आणि व्यावसायिक लोकांवर व्यवसाय कर बसवला, त्यातून. शहराने ठराविक कामासाठी ठराविक कर भरायचा आणि तो खेड्याच्या कामी लावायचा, हे महाराष्ट्राने अमेरिकेच्या त्या कायद्याआधीच करून दाखवले आहे.

निधीची किल्ली

इथे आमचे अनुभवी शेतकरी एक शंका काढतील. ती काढलीच पाहिजे. "निधी म्हणजे पुढाऱ्याला कुरण!" एकाधिकार कापूस खरेदीच्या काळात आपल्या चुकाऱ्यातून भांडवल निधी कापला जायचा. पावती आपली, पैसा आपला, किल्ली मात्र भलत्याच्या कमरेला. आपण ते विसरलेलो नाही.

जंगलाच्या निधीचीही तीच कथा. जंगल तोडणाऱ्या प्रकल्पांकडून पैसे घेऊन नवे वन लावायचे, त्यासाठी निधी उभा करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला. पैसा जमत गेला आणि पडून राहिला. कायदा झाला २०१६ मध्ये. राज्यांच्या हाती सुमारे ४७ हजार कोटी रुपये पडले ते २०१९ मध्ये. सतरा वर्षांत लावलेल्या झाडाखाली गुरे बसली असती!

म्हणून निधीचे तीन नियम आधीच ठरले पाहिजेत. पैसा मंत्रालयात जाणार नाही, जलाशयाच्या खात्यावर राहील. खर्च ठरवणाऱ्या समितीत निम्म्याहून जास्त माणसे काठची असतील, म्हणजे मच्छीमार संस्था, गाळपेरवाले आणि पाणलोटातल्या ग्रामसभांची माणसे. आणि वर्षाचा जमाखर्च ग्रामसभेत मोठ्याने वाचला जाईल व चावडीच्या फळ्यावर लागेल. हे तीन नसतील तर असला निधी आम्हालाही नको.

थोडे गणित

किती पैसा जमेल? युनिटमागे दहा पैसे धरून बघू. दहा पैशाने वीज कंपनी बुडत नाही. पैठणचे बारा मेगावॅटचे यंत्र तासभर पुरे चालले तर बारा हजार युनिट होतात. दहा पैशाप्रमाणे बाराशे रुपये. हे काही मोठे धन नाही, ते आम्ही लपवत नाही. आता कोयना घ्या. १,९६० मेगावॅटची यंत्रे तासभर पुरी चालली तर साडेएकोणीस लाखांवर युनिट. दहा पैशाप्रमाणे तासाला एक लाख शहाण्णव हजार रुपये. डोंगरातला एक धबधबा तासाला दोन लाखांचे देणे लागतो, आणि खोऱ्याच्या वाट्याला त्यातले काय येते?

पैठणला विजेपेक्षा पाणी जास्त विकले जाते. शहर त्यावर जगते, औद्योगिक वसाहती त्यावर चालतात. २०१६ च्या दुष्काळात धरण मृतसाठ्यावर गेले, तेव्हा आपल्याच खंडपीठाला मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करायला सांगावे लागले. ज्या मृतसाठ्यात मासा कसाबसा जीव धरून असतो, तोही उपसायची वेळ आली. तेव्हा इथे वीजवाल्याबरोबर कारखान्यालाही हजार लिटरमागे काही पैसे लावले पाहिजेत. खेड्याच्या पिण्याच्या पाण्यावर मात्र छदामही नको.

आणि शेतीपंपाचे काय? आकार वीज तयार करणाऱ्याकडून घ्यायचा, पंपवाल्याकडून नाही. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल राज्य सरकार भरते, त्याला हात लावायचे कारण नाही. ज्यांच्या विहिरीलाच पाणी नाही, त्या आपल्याला तर मोफत विजेचाही उपयोग नाही.

कोरडवाहू माणसाला यात काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ज्याच्याकडे पाट नाही, जाळे नाही, त्याने ह्या भांडणात का पडावे?

पहिली गोष्ट, नाथसागराचे पाणी आपल्या माळावरून जाते. शिवना कन्नडच्या डोंगरात उगवते आणि वैजापूर-गंगापूरवरून गोदावरीला मिळते. पावसात आपल्या शेताची माती वाहते ती धरणाच्या पोटात जाऊन बसते. आपण बांध घातला, ओढ्यावर दगडी बांध टाकला, तर धरणाचे आयुष्य वाढते, माशाला गाळाऐवजी पाणी मिळते आणि वीजवाल्याचेही यंत्र जास्त वर्षे चालते. आजवर ती मेहनत आपण आपल्या खर्चाने केली, किंवा पैसा नाही म्हणून केलीच नाही. पाणलोटातल्या बांधबंदिस्तीची मजुरी ह्या निधीतून मिळाली पाहिजे. ही मेहेरबानी नव्हे, आपल्या कामाचा चुकारा.

दुसरी गोष्ट, वन्यजीव पोसतो कोण? रोही आणि रानडुक्कर यांना दाणावैरण वन खाते देत नाही, आपली तूर आणि ज्वारी देते. शाळू हुरड्यावर आला की माळ्यावर गोफण घेऊन बसायचे आपण. रात्रभर जागायचे आपण. करकोच्यांचा थवा हरभऱ्यात उतरला की फोटो काढणारे शहरातून येतात आणि नुकसान आपल्या सातबाऱ्यावर राहते. वन्यजीव राहू द्यावेत असे देशाला वाटत असेल तर त्यांचा खुराक देशाने भरावा. पंचनामा ठरलेल्या दिवसांत आणि भरपाई पुढच्या पेरणीच्या आत, अशी अट निधीत घातली तर आपणही गोफण खाली ठेवू.

तिसरी गोष्ट, भोई आणि आपण एकाच दावणीचे. त्याचा मासा आणि आपला कापूस, दोन्हींच्या खर्चाचा हिशेब दुसराच माणूस शून्यावर मांडतो. आज त्याच्या जाळ्याची किंमत शून्य धरली तर आपण गप्प बसलो, आणि उद्या आपल्या घरच्या बाईची मजुरी शून्य धरली तर तो गप्प बसेल. जमेल का?

मेळाव्यापुढे ठेवायचे ठराव

एक. धरणावर तयार होणाऱ्या प्रत्येक युनिटमागे आणि धरणातून कारखान्याला जाणाऱ्या प्रत्येक हजार लिटरमागे नदीच्या नावाचा आकार लावावा आणि तो बिलात वेगळा दाखवावा.

दोन. त्या पैशाची किल्ली वर सांगितल्याप्रमाणे काठच्या माणसांच्या समितीकडे असावी.

तीन. विणीच्या दोन महिन्यांत जो भोई जाळे बांधून ठेवील, त्याला त्या दोन महिन्यांची मजुरी मिळावी. जो गाळपेरवाला फवारणी सोडील, त्याला पिकाची तूट मिळावी. मनाई आणि मोबदला एकाच कागदावर यावेत.

चार. पैठणखालच्या डोहांत उन्हाळाभर पाणी राहील एवढा प्रवाह सोडावा. केंद्राने २०१८ मध्ये उत्तरेतल्या गंगेसाठी किमान प्रवाह ठरवून दिला. आपण गोदावरीला गंगाच म्हणतो आणि तिच्या काठाला गंगाथडी. मग ह्या गंगेला वेगळा न्याय का? दुष्काळातही शहाणा शेतकरी कणगीतले बियाणे खात नाही. डोहातले पाणी हे माशाचे बियाणे आहे.

पाच. राज्याने २०२३ मध्ये उदंचन जलविद्युतचे, म्हणजे पाणी खाली-वर करून वीज करण्याचे धोरण काढले आणि सह्याद्रीत अशा प्रकल्पांचे अनेक करार झाले. यापुढे अशा कोणत्याही कराराला, आणि धरणावरच्या तरंगत्या सौरप्रकल्पालाही, वरची कलमे जोडल्याशिवाय मंजुरी देऊ नये. सही झाल्यावर कलम घालायला कोणी येत नाही, हे जायकवाडीच्या विस्थापितांना विचारा.

भावांनो, ह्या ठरावांवर हात वर करण्याआधी भांडा, शंका काढा, आकडे तपासा. युनिटमागे दहा पैसे कमी वाटत असतील तर तसे सांगा, जास्त वाटत असतील तर का ते सांगा. पण "माशाचे आपल्याला काय" एवढे म्हणून उठून जाऊ नका. आपल्या घामाचा हिशेब मांडायला आपण शिकलो तेव्हा जग आपल्याला हसले होते. तोच हिशेब नदीच्या बाजूने मांडायची वेळ आली आहे, आणि तो मांडायला ज्याला खर्चाखाली विकण्याची झळ ठाऊक आहे, त्याच्याइतका लायक माणूस दुसरा नाही.

मेळाव्याला येताना आपल्या गावच्या ओढ्यात पूर्वी कोणते मासे मिळत आणि आता कोणते मिळतात, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून एका कागदावर लिहून आणा. नावे मराठीतच असू द्या. नदीच्या बिलातली पहिली ओळ तिथून सुरू होईल.